मोहफूल कोणी वेचलं?

भाऊहो, बायाहो, आन् कोर्टातून आलेले सारे वकील लोक. माईक टेबलावरच राहू द्या, उजव्या हातानं मले तो जास्त वेळ धरवत नाई. बोलणं जमते का नाई, तेही माहीत नाई. पण सुमनबाई गेल्या, त्याईच्यावर आज बोलली नाई, तं मंग जीभ कायले दिली देवानं?

ज्याईले माहीत नाई त्याईले सांगते. मी मैना. जंगलाकडच्या गावची, इथून एसटीनं दीड तास लागते. सुमनबाई मूळच्या ब्रह्मपुरीच्या, इथल्या कोर्टात सरकारी वकील. माझी केस त्याईच्याकडं आली, तशी आमची ओळख.

झालं असं. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण झालं आन् बाजूच्या वावरवाल्यानं मले खांद्यावर लाठी मारली. दवाखान्यात फोटो काढला तं हाड साबूत निघालं. डॉक्टरनं लिहून देल्लं, साधी दुखापत. कायदा असा हाये का हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, कान गेला, तं ती गंभीर. माझं तं काहीच गेलं नव्हतं, नुसता हात उठत नव्हता. मले वाटे, अरे देवा, एखादा दात तरी पडाचा होता.

हसू नका. साधी म्हटली का तो दंड भरून मोकळा, आन् मले रोज त्याच धुऱ्यावरून जाणं. धानाच्या रोवण्याले आपल्या वावरात कशी उतरू, या भेवानं मी अर्धी झाली होती.

पुढं हात उठेचना, म्हणून दुसऱ्या डॉक्टरनं पाह्यलं आन् कलम वाढलं. पण ते कोर्टात टिकवाचं होतं. बाईनं मले घरी बसवलं, चहा देल्ला आन् समजावून सांगतलं. हाड मोडलं नाही तरी चालते. वीस दिवस माणसाले आपलं नेहमीचं काम करता आलं नाही, तं तेही गंभीरच. तवा वीस होते, नव्या कायद्यात पंधरा केले म्हणतात. पण खाटेवर पडून होती एवढ्यानं भागत नाही, असं मोठ्या कोर्टाईनं कितीकदा सांगतलं हाये म्हणे. कोणतं काम राहून गेलं, ते दाखवा लागते.

आता चैतात आमचं काम कोणतं? पहाटे टोपली घ्याची आन् मोहाखाली वाकाचं. आमच्या गावात मोहाचं झाड ज्या घरचं, त्याच घरची बाई त्याच्याखाली वेचते. दुसरी तिथं पाय ठेवत नाई. पण त्या साली मी पडून होती, तं शेजारची सोमीबाई आन् टोल्यातल्या, आमच्या वस्तीतल्या, बाया माझ्या झाडाखाली गेल्या. वेचलं, आन् माझ्याच आंगणात आणून वाळू घातलं.

ही सोमीबाई पाहा, समोरच बसली हाये. पदर कायले ओढते तोंडावर? सांगूच दे मले. तिची साक्ष होती. समोरच्या वकिलानं लय गोडीनं पुसलं का, मैनाबाईच्या झाडाचं मोहफूल त्या साली पडूनच राह्यलं असंल नाही? सोमीबाईले वाटलं, हा माणूस आमच्या गावाची लाज काढून राह्यला. शेजारीण पडली असतानी तिचं झाड पाह्यलं नाई, असं कोणी म्हणावं? ती ताठ होऊन बोलली, "एक फूल मातीत गेलं नाई. तिच्या घरचं कोणतंच काम अडलं नाई."

झालं. तो वकील खुशीत खाली बसला. मी मनात म्हटलं, या बयेनं पिरमापोटी माझी केस बुडवली.

सुमनबाई उठल्या. चेहऱ्यावर राग नाई, काही नाई. त्याईनं इतकंच पुसलं, "मोहफूल कोणी वेचलं?"

"आमी."

"दुसऱ्याच्या झाडाखाली तुम्ही का गेल्या?"

"काऊन म्हणजे? तिले टोपली धरता येत नव्हती. घास तोंडात जात नव्हता तिच्या हातानं, मी भरवत होती तिले. मोह सरेपर्यंत भरवलं."

मोह सराले वीसाच्या वरच दिवस लागतात, हे या जिल्ह्यात कोर्टाच्या शिपायालेही माहीत हाये. मॅजिस्ट्रेट साहेबानं निकालात लिहिलं का, शेजारणीनं केलेलं काम हे जखमी बाईनं केलेलं काम होत नाही. तिच्यानं ते होत नव्हतं, याचाच तो पुरावा. त्या वावरवाल्याले शिक्षा झाली. आन् निकाल लागला त्या साली मी रोवण्याले आपल्या वावरात उतरली. बाई चिखलात चपला हातात घेऊन पाहाले आल्या होत्या.

तवापासून बाईनं मले सोडलंच नाई. कोणी मार खाऊन आली का निरोप यायचा, मैना, जाऊन बस तिच्याजवळ. आपल्या बायाईचं एक हाये. डॉक्टरनं पुसलं, कसं वाटते, का म्हणतात, बरं हाये. अवं, काय बरं हाये? काय होत नाई ते सांगा. पाणी भरता येत नाई, लेकरू उचलता येत नाई, सांगा. त्यात लाज कायची? आता सांगून राह्यल्या बाया. मी सोता आयकते दवाखान्यात.

मुलचेऱ्याकडची माधवी आज इथी आली हाये. तिले मारलं, तवापासून एका कानानं तिले आयकू येत नाई. पहिल्या दिवशी तिनंही बरं हाये म्हणूनच सांगतलं होतं. बाई आजारी होत्या तरी खाटेवरून मले म्हणाल्या, कानाची तपासणी करून आण. आणली. उद्या तिची साक्ष हाये. सरकारी वकील नवे असतीन, बाई नसतीन. माधवी, भेऊ नको. मी बाहेर बाकड्यावर बसून राहीन, सोमीबाईले संग घेऊन येते. आपण सांगू.

आता सारे उभे राहा. प्रश्न पुसल्यावर बाई कधी घाई करत नव्हत्या, साक्षीदाराले तोंड फुटेपर्यंत थांबत. तेवढं थांबू आपण त्याईच्यासाठी.

बाई, जोहार.