सैल बाही

वहिनी : आधी बस. पाणी पी. आणि डाव्या हाताची बाही अशी दंडावर का गोळा झालीय?

बेबी : तीन मजले चढून आलेय, वहिनी. उकडलं.

वहिनी : उकडलं की माणूस दोन्ही बाह्या वर करतो. तुझी एकच कशी?

बेबी : दादाने लग्न करून वहिनी आणली की फौजदार, हे मला अजून कळलेलं नाही. शिवणकाम करतेस म्हणून जगातल्या सगळ्या बाह्यांची चौकशी तुझ्याकडे दिलीय का कुणी? हे घे तुझं औषध. डॉक्टरांनी गोळी बदललीय. जुनी बंद, ही नवी. जरा जास्त ताकदीची.

वहिनी : पुन्हा वाढवली?

बेबी : तुझं प्रेशर काही केल्या खाली येत नाही म्हणाले. वरचा आकडा एकशे नव्वदच्या घरात.

वहिनी : मला तर उलट चक्कर येते. सकाळी मशीनवरून उठले, वॉकर धरला, तर समोरची भिंत लांब लांब जायला लागली. सांगितलंस ना त्यांना?

बेबी : सांगितलं. म्हणाले, एवढं प्रेशर असल्यावर चक्कर यायचीच.

वहिनी : बरं. गुडघ्यांचं काय म्हणाले?

बेबी : गुडघ्यांचं चांगलं आहे. छान वाकतायत म्हणाले. सुधारणा आहे.

वहिनी : बेबी, माझे गुडघे छान वाकताना तू तरी कधी बघितलेस? मी खुर्चीतून उठते तेव्हा बिजागरीसारखी कुरकुरते, शेजारी ऐकू जातं. छान वाकतायत असं कोण म्हणालं?

बेबी : डॉक्टर.

वहिनी : त्यांनी कुठे बघितले?

बेबी : बघितले की.

वहिनी : मी इथे. माझे गुडघे माझ्याबरोबर इथेच. दोन वर्षं झाली, मी हा उंबरठा ओलांडलेला नाही. मग त्यांनी बघितले कुणाचे?

बेबी : चहा टाकू का?

वहिनी : चहा राहू दे. इकडे ये. हात दाखव. हा वळ कसला?

बेबी : पट्ट्याचा. प्रेशर मोजतात ना, त्याचा.

वहिनी : अच्छा. म्हणजे मागे तू म्हणालीस, वहिनी, डाव्या बाह्या जरा सैल करून दे, वर सरकत नाहीत. आणि मी खुळ्यासारख्या सगळ्या उसवून सैल करून दिल्या. कपडे शिवण्यात जन्म गेला माझा, पण विचारलं नाही, की तुला एकच बाही दंडापर्यंत कशाला सरकवायची असते.

बेबी : छान केल्यास गं. आता अगदी सहज जातात वर.

वहिनी : हसण्यावारी नेऊ नकोस. बस इथे आणि पहिल्यापासून सांग.

बेबी : पहिल्यांदा खरंच चुकून झालं. जुने डॉक्टर गेले आणि हे नवीन आले, तेव्हाची गोष्ट. तिथे नुसतं आडनाव पुकारतात. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे तुझं जे आडनाव तेच माझं. फाइल माझ्या हातात होती, मी उठले. सिस्टरही नवीन. तिने मला बसवलं आणि पट्टा गुंडाळला. मला वाटलं, हल्ली सोबत आलेल्याचंही बघत असतील.

वहिनी : सोबत आलेल्याचं. आणि डॉक्टरांना दिसत नव्हतं का समोर कोण आहे?

बेबी : त्यांचं लक्ष कॉम्प्युटरात. त्यांना कशाला नावं ठेवू? मी पोस्टाच्या खिडकीत बसून सगळी नोकरी अशीच केली. समोरून हात आला, हातात पाकीट, शिक्का मारला, पुढचा. तोंडं कुठे बघत बसले होते मी कुणाची?

वहिनी : आणि गुडघा?

बेबी : ते म्हणाले वाकवा. मी वाकवला.

वहिनी : पण का?

बेबी : एवढे मोठे डॉक्टर वाकवा म्हणतायत, मी काय नाही म्हणू?

वहिनी : तेव्हा मी आठवडाभर त्या सुधारणेच्या आनंदात होते गं. बरं, हे पहिल्यांदाचं झालं. पुढच्या वेळी?

बेबी : पुढच्या वेळी काय, तेच.

वहिनी : बेबी.

बेबी : पुढच्या वेळी मला कळत होतं. पण बोलले असते तर ते म्हणाले असते, पेशंटला घेऊन या, त्याशिवाय औषध मिळणार नाही. तू खाली उतरणार नाहीस. ते वर येणार नाहीत. मधल्या मधे मी. मग म्हटलं, पट्टा तर पट्टा. तुझ्या गोळ्या तरी चालू राहतील.

वहिनी : म्हणजे प्रेशर तुझं, गोळ्या मी खातेय आणि म्हणून भिंत लांब जातेय.

बेबी : अगं आई गं. वहिनी, हे मी असं जोडून कधी बघितलंच नाही. तुझी चक्कर त्यामुळे? मी तुला हाताने गोळ्या देत होते. पडली असतीस म्हणजे? शपथ सांगते, मला कळलं नाही गं.

वहिनी : रडू नकोस. मला काही झालेलं नाही, भिंत परत आपल्या जागेवर आली. मी दुसराच विचार करतेय. तो एकशे नव्वदचा आकडा.

बेबी : त्याचं काय?

वहिनी : तो तुझा आहे.

बेबी : माझा कसला? मला काही होत नाही.

वहिनी : पहाटे उठून डोकं दाबत बसतेस, ते?

बेबी : चष्म्याचा नंबर वाढलाय.

वहिनी : आणि दुसऱ्या मजल्यावर थांबतेस, ते? मला इथे बसून जिना ऐकू येतो. पूर्वी एका दमात यायचीस.

बेबी : तिथल्या काकूंशी बोलायला थांबते.

वहिनी : काकू दुपारी झोपतात. तू कठड्याशी बोलतेस का? अगं, डॉक्टर दर वेळी सांगतायत प्रेशर वाढलंय, प्रेशर वाढलंय, आणि आपण दोघी ते माझं समजून बसलोय. एवढ्या गोळ्या आल्या घरात, तुझ्या पोटात एक गेली नाही. फोन दे इकडे.

बेबी : कुणाला करतेस? ओरडतील ते मला.

वहिनी : ओरडू देत. हॅलो, सिस्टर? मघाशी आमच्याकडून एक बाई आल्या होत्या, फाइल घेऊन… हो, त्याच. त्या पेशंट नाहीत. मी पेशंट आहे… नाही, मी आले नव्हते, मी घरीच असते… अहो, रागावू नका, आधी ऐका. प्रेशर तिचं मोजलंत आणि गोळ्या मी खाल्ल्या… हो, द्या त्यांना, थांबते. नमस्कार डॉक्टर… नाही, नवीन पाकीट फोडलेलं नाही. जुनीही नको आज? बरं… बेबी, छातीत दुखतंय का, विचारतायत. नाही म्हणते. हातपाय, बोलणं?… ठीक आहे. बोलणं जरा जास्तच ठीक आहे… दोघींनी? आज? बरं. ठेवते.

बेबी : काय म्हणाले?

वहिनी : चूक आमचीही आहे म्हणाले. आणि दोघींनी आजच या, ते जायच्या आत. तुला आधी बघायचंय.

बेबी : मग मी जाऊन येते.

वहिनी : तू एकटी गेलीस तर तिथे बसून पुन्हा माझेच गुडघे सांगशील. मी येतेय. गाडीचा नंबर काढ. ती माणसाला खुर्चीत बसवून उतरवतात, ती गाडी.

बेबी : तो मी कपाटाच्या दारावर चिकटवला होता. मग कुठे गेला कोण जाणे.

वहिनी : कॅलेंडर उचल. खाली आहे. मीच लावलं त्यावर, सारखा डोळ्यांसमोर नको म्हणून.

बेबी : धन्य आहेस. दोन वर्षं मी तुझ्या विनवण्या केल्या, वहिनी. मागे खालच्या मजल्यावरच्या पोरांनी तुला स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून उतरवलं, वळणावर खुर्ची अडकली, सगळा जिना बघायला जमला. वर आल्यावर म्हणालीस, आता खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावर. त्यानंतर डोळे दाखवायला आली नाहीस, दात दुखून गाल सुजला तरी आली नाहीस. आणि आज एका फोनवर निघालीस?

वहिनी : तेव्हा मला नेत होते. कपाट हलवावं तशी. आज मी तुला नेतेय. फरक आहे की नाही?

बेबी : उचलणार तर तुलाच ना?

वहिनी : उचलू देत. मी लग्न होऊन आले तेव्हा तू दुसरीत होतीस. ताप चढला तर घरात कुणी नव्हतं, तुला कडेवर घेऊन ह्याच जिन्याने उतरले मी. आता कडेवर घेता येत नाही, एवढंच. तुझा दादा गेल्यापासून तू मला सांभाळतेस असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. पण तुला काही झालं तर मी ह्या घरात कुणाचं तोंड बघू? मला तुझ्याशिवाय कोण आहे गं? ऊठ, फोन लाव. आणि ती बाही खाली कर. नाही, राहू दे तशीच, पुन्हा लागेल.

(तासाभराने. दार उघडं. दारात गाडीचा ड्रायव्हर, घडीची खुर्ची घेऊन. त्याच्यामागे त्याचा जोडीदार.)

ड्रायव्हर : हा पट्टा कमरेला, हा छातीला. हात मांडीवर ठेवायचे. काहीही झालं तरी कठडा धरायचा नाही, आजी. तुम्ही कठडा धरला की खुर्ची कलते.

वहिनी : आणि भीती वाटली तर काय धरू?

ड्रायव्हर : काही धरू नका, बोलत राहा. माणूस बोलतोय म्हणजे ठीक आहे, एवढं आम्हाला कळतं.

बेबी : मग तुम्हाला आज काही काळजी नाही.

वहिनी : मला न्यायला चौघं लागतील असं मी सांगून ठेवलं होतं.

ड्रायव्हर : आम्ही दोघंच आहोत, आजी. चौघांचं काम आम्ही घेत नाही.

वहिनी : हा बरा आहे. बेबी, तू पुढे हो. सावकाश उतर. मजल्यावर थांबत जा आणि थांबलीस की मला सांग.

ड्रायव्हर : बेबी कोण? लहान मूल असेल तर खाली जाऊन बसू द्या आधी.

वहिनी : हीच. साठी उलटली, नाव तेवढं चिकटून राहिलं.

बेबी : थांबले गं.

वहिनी : अजून निघालीयस कुठे?

ड्रायव्हर : उचलतोय. एक, दोन, चला.

वहिनी : अगं बाई गं. बेबी, कुठे आहेस?

बेबी : इथेच, चार पायऱ्या पुढे. डोळे मिटलेस का?

वहिनी : मग काय उघडे ठेवू? वळण आलं का?

बेबी : आलंच. वहिनी, काकू दारात उभ्या आहेत. आज झोपल्या नाहीत.

वहिनी : उभ्या राहू देत. त्यांच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे, त्या मला हसायच्या नाहीत. तू दमलीस का? खरं सांग.

बेबी : जरा.

वहिनी : भाऊ, थांबा हो. ही दमलीय.

ड्रायव्हर : थांबलो. वळण तर मागे गेलं, आजी.

वहिनी : गेलं? एवढंच होतं? त्या पोरांनी उगाच माझी दोन वर्षं घालवली.

बेबी : पोरांनी?

वहिनी : बरं, मी. चल, दम खाल्लास ना? उतर.

ड्रायव्हर : झालं. खुर्ची गाडीत पक्की बसली. आता डोळे उघडायला हरकत नाही.

वहिनी : केवढा उजेड आहे. बेबी, हे काय? इथे कोपऱ्यावर बटणवाल्याचं दुकान होतं ना?

बेबी : बंद झालं. बरेच दिवस झाले.

वहिनी : मग माझी बटणं कुठून येतात?

बेबी : बाजाराच्या पलीकडून. बसने जाऊन आणते.

वहिनी : बोलली नाहीस कधी.

बेबी : तुला आवडायचा ना तो म्हातारा, तासन्‌तास रंग जुळवत बसायचा तुझ्याबरोबर. आपल्या खिडकीतून हा कोपरा दिसत नाही. म्हटलं, तुझ्यापुरतं राहू दे दुकान उघडं.

वहिनी : आणखी काय काय लपवलंयस ते परत जाताना सांग. आत्ता नको, प्रेशर वाढेल.

बेबी : कुणाचं?

वहिनी : ते आज कळेल. हात दे इकडे. केवढा गार पडलाय. घाबरलीस?

बेबी : मी कधी स्वतःसाठी गेलेच नाही गं दवाखान्यात.

वहिनी : मी आहे ना.

ड्रायव्हर : आला दवाखाना. ढकलत नेतो आत, पाय उचलून धरा, आजी.

सिस्टर : या, या. तुमचीच वाट बघतोय. खुर्ची इकडे घ्या, माझ्याजवळ. पेशंट या आजी ना?

बेबी : हो, ह्याच आमच्या वहिनी. यांना सकाळपासून चक्कर…

वहिनी : बेबी, गप्प बैस. सिस्टर, माझं नंतर. आधी हिचा हात घ्या. डावा घ्या, बाही मी सैल करून दिलीय.

सिस्टर : आणि तुम्ही?

वहिनी : मी हिच्या सोबत आलेय.