अरिंजयाचा दुसरा भाग

मंडळी, ऐका! मागे बसलेली तरुण मंडळी — तुम्ही जरा जास्त ऐका. आज कीर्तनात पुराणातली गोष्ट नाही. राजा आहे, राक्षस आहे, धनुष्यबाण आहे — पण सगळं संगणकातलं! का हो आजोबा, लगेच चेहरा पडला? थांबा. देव पोथीत बसतो आणि संगणकात बसत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

आधी प्रश्न घ्या. एखादं माणूस आपण एकदा ‘आपलं’ म्हटलं. मनापासून म्हटलं. मग ते कायमचं आपलं झालं का? की उद्या, परवा, दहा वर्षांनी — पुन्हा म्हणावं लागतं? लग्न झालेल्यांनी एकमेकांकडे बघू नका! उत्तर आत्ता नको. गोष्ट ऐका.

पुण्यात एक कंपनी होती. संगणकावरचे खेळ बनवायची, तेही मराठीत. तिथे हेमांगी धायगुडे नावाची बाई काम करायची. पस्तिशीची, मूळची फलटणची. काम काय? खेळातली पात्रं जे बोलतात, ते लिहायचं. आहे अशी नोकरी! आपण दिवसभर फुकट बोलतो, तिला त्याचा पगार मिळायचा!

तिच्या खेळाचं नाव ‘धूम्रगिरी’. समजावून सांगतो, अवघड नाही. तुम्ही खेळायला बसलात की तुम्हीच त्या गोष्टीतले नायक नाहीतर नायिका. डोंगर, किल्ले, राक्षस. तुमच्याबरोबर चालायला सोबती. दिवसभर लढाई, आणि मुक्कामाला शेकोटी. शेकोटीपाशी सोबत्याशी बोलायचं. तो काहीतरी म्हणतो, खाली तीन उत्तरं दिसतात, त्यातलं एक तुम्ही निवडायचं. त्याच्या मनासारखं बोललात, तर जीव जडतो. वाकडं बोललात, तर तो तोंड फिरवतो. घरच्यासारखंच — फक्त घरी खाली उत्तरं लिहून येत नाहीत!

सोबती तीन. त्यातला एक राजपुत्र, देखणा. एक जादूगारीण, मोहक. आणि एक होता अरिंजय. सैन्यातून पळालेला भाडोत्री शिपाई, एका डोळ्याचा, कायम कुरकुरणारा. त्याच्यावर कोण प्रेम करणार? पण हेमांगीने त्याला मन लावून लिहिला होता. पहिल्या भागाच्या शेवटी तो सरहद्दीवर निघतो आणि विचारतो, “परत आलो, तर ओळख देशील?” तिथे खेळ संपतो.

पाच वर्षं गेली. खेळ चालला होता, म्हणून दुसरा भाग ठरला. तेव्हा हेमांगीचे वरिष्ठ, केळशीकर सर, तिला बोलावून म्हणाले, “हेमांगी, अरिंजयला काढून टाक.”

“का, सर?”

“आठ टक्के! शंभरातल्या आठच जणांनी त्याच्यावर प्रेम केलं. आणि लिहिणार काय? कुणी त्याच्यावर प्रेम केलंय, कुणी त्याच्याशी नुसती दोस्ती. कुणी त्याला हाकलून दिलंय, तर कुणाच्या खेळात तो मेलाय! एका माणसाचे चार भूतकाळ. चौघांसाठी वेगळे संवाद, वेगळा आवाज, वेगळी चित्रं — चार महिन्यांचं काम. त्यापेक्षा वेशीवर एक दगड उभा कर. लिही, ‘अरिंजय सरहद्दीवर कामी आला.’ संपलं.”

आता तुम्हाला वाटेल, हेमांगी भांडली. छे! खोटं कशाला सांगू? ती दमली होती. पहिल्या भागात त्याच माणसाची कुरकूर लिहून लिहून कंटाळली होती. नवं काहीतरी लिहायचं होतं तिला. तिने मुकाट्याने ती ओळ लिहिली आणि डबा खायला गेली.

आपलंही असंच असतं, मंडळी. आपण माणसं भांडून सोडत नाही. दमून सोडतो.

आठवडा गेला. कंपनीच्या पत्त्यावर एक ईमेल आली. विट्याहून. लिहिणारे ठोंबरे मास्तर, शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर, वय सत्तर; खाली घरचा पत्ता. मजकूर असा — ‘आपल्या कंपनीचा अरिंजय नावाचा माणूस चार वर्षं आमच्या घरी येत आहे. दुसऱ्या भागात तो आहे किंवा कसे, हे कळवावे. नसल्यास आधी सांगावे, म्हणजे मी मंडळींची समजूत घालतो.’

मंडळी म्हणजे तुम्ही नव्हे हो! जुन्या लोकांत बायकोला मंडळी म्हणतात.

हेमांगी हसली. मैत्रिणीला दाखवून पुन्हा हसली. मग हसू येईना. ‘येत आहे’ म्हणजे काय? दोन दिवस उत्तर लिहून लिहून खोडलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी, ती सकाळच्या एसटीत बसली आणि थेट विट्याला गेली.

दार मास्तरांनी उघडलं. ताठ कणा, खणखणीत आवाज — “या! बसा! पाणी!” पाणी कोण आणणार? ते स्वतःच आत गेले आणि घेऊन आले. खिडकीपाशी खुर्चीत शालनकाकू बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर गप्प पडलेला. समोर मुलाचा संगणक. मुलगा परदेशी गेला, संगणक घरी राहिला.

मास्तर सांगायला लागले. “साडेचार वर्षांपूर्वी हिला अर्धांगाचा झटका आला. अंग सावरलं थोडं, पण वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. ‘नको’ एवढाच एक राहिला. मी विचारायचो, काय पाहिजे? काय होतंय? हिला सांगता यायचं नाही, मग रडायची. मला कळायचं नाही, मग मी ओरडायचो. पी.टी.चा माणूस! चाळीस वर्षं घरात ऑर्डरीच दिल्या — डबा! चपला! छत्री!”

“मग हा खेळ?” हेमांगीने विचारलं.

“मुलगा सुट्टीवर आला, त्याने लावून दिला. डाव्या हाताने खेळता येतो. आणि एक दिवस बघतो तर काय — ही बोलतेय! अहो, उत्तरं लिहिलेलीच असतात ना खाली! हिने फक्त बोट ठेवायचं. बोट ठेवलं की ते वाक्य हिचं!”

हेमांगी पडद्याकडे वळली. तिने ही वाक्यं लिहिली होती ती कुणाला राक्षस मारता मारता विसावा मिळावा म्हणून. इथे एका बाईची ती वाचा झाली होती!

“आणि तो राजपुत्र सोडून हिने निवडला कोण? तो एकडोळ्या!” मास्तर म्हणाले. “खरं सांगतो, पोरी, मला राग आला. साठी उलटलेली बायको परपुरुषाबरोबर शेकोटीला बसते म्हणजे काय!”

हसा, हसा. मास्तरांना तेव्हा हसू येत नव्हतं.

“चार दिवस मी तिकडे बघितलं नाही. मग एकदा मागे उभा राहून वाचलं. तो कुरकुरत होता — पाय दुखतात, जेवण बेचव आहे, वगैरे. अगदी माझ्यासारखा! आणि हिने बोट ठेवलं ते या वाक्यावर — ‘तू बोल, मी ऐकतेय. पण नंतर माझंही ऐक.’ चाळीस वर्षांत मी हिचं काय ऐकलं, आठवेना. त्या दिवसापासून मी शेजारी खुर्ची घेऊन बसतो.” मग म्हणाले, “कधीकधी ही काहीच निवडत नाही. नुसती शेकोटी बघत बसते. मग ते यंत्र रागावतं — ‘उत्तर निवडा, उत्तर निवडा!’ तेवढं बरं नाही वाटत.”

आता हेमांगीने काय करावं? चहाचा कप हातात, आणि समोर दोघं वाट बघतायत. ती खरं बोलली. “काकू, मी त्याला मारलाय. दुसऱ्या भागात नुसता दगड आहे, त्याच्या नावाचा.”

मास्तर खाली बघायला लागले. म्हणाले, “मारायचा तर मारा. शिपाई गडी आहे, मरायचाच. पण निरोप तरी घेऊ द्या. दगडावर नको.”

शालनकाकूंनी मान वर केली. हेमांगीकडे सरळ बघितलं आणि होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून आपला एकुलता एक शब्द उच्चारला —

“नको.”

सोमवारी हेमांगी केळशीकर सरांसमोर उभी. “सर, अरिंजय परत येणार.”

“आठ टक्के, हेमांगी!”

“आठ टक्के म्हणजे माणसं किती?”

सरांनी बघितलं. “साडेतीन हजार.”

“त्यातल्या एका घरी मी चहा पिऊन आले. आता मला त्यांचे टक्के करता येत नाहीत.”

सर काही दुष्ट नव्हते. ते म्हणाले, “ठीक. पण वेळ तेवढाच, माणसं तेवढीच. त्याला आणायचं तर तुझं दुसरं काहीतरी जाईल. काय काढतेस?”

आणि हेमांगीने काय काढलं? जादूगारिणीच्या राज्याभिषेकाचा प्रसंग! दुसरा भाग ठरायच्या आधीपासून, वर्षभर घासून पुसून लिहिलेला. ज्याच्यामुळे आपलं नाव होईल असं तिला वाटत होतं, तोच. तिने तो काढला. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन थोडी रडली. मग तोंड धुऊन कामाला बसली.

चारही भूतकाळ लिहिले तिने. ज्यांच्या खेळात तो मेला होता, त्यांना दगड. तो खराच होता. ज्यांनी हाकललं, त्यांना दुरून ओळख. दोस्तांना दोस्ती. आणि ज्यांनी प्रेम केलं त्यांना? इथे तिने एक गोष्ट केली. तिने त्यांना जुनं प्रेम आयतं दिलं नाही! अरिंजय येतो तो थकून. केस पांढरे, एक हात गेलेला. म्हणतो, “तू ज्याला ओळखत होतीस, तो मी आता सगळा नाही. जो उरलोय, तो तुला चालेल का?” आणि खाली उत्तरं. तीन नव्हे — चार. चौथं उत्तर म्हणजे वाक्यच नाही. नुसतं, ‘त्याच्याजवळ बसून राहा.’

खेळ बाजारात आला. पुष्कळ लोक चिडले बरं का! ‘आम्ही पाच वर्षांपूर्वी एकदा प्रेम केलंय ना! पुन्हा कशाला विचारतो?’ हेमांगीने सगळं वाचलं. काहींचं तिला पटलंही. पण बदललं काही नाही.

विट्याला काय झालं, ते मास्तरांनी कळवलं. शालनकाकूंनी चार दिवसांत तो मुक्काम गाठला. अरिंजयाने विचारलं. काकूंनी चारही उत्तरं वाचली. पुन्हा वाचली. बोट पहिल्यावर गेलं, मागे आलं. मग त्यांनी ते चौथ्यावर ठेवलं. पडद्यावर दोघं बसली. शेकोटी जळतेय. कुणी बोलत नाही. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं — मास्तरांना वाटलं, संगणक अडकला! उठले बंद करायला. काकू म्हणाल्या, “नको.” मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. अकरा मिनिटं होता तो प्रसंग. अकरा मिनिटं पी.टी.चे मास्तर गप्प बसले!

काकूंची वाचा काही परत आली नाही. मी खोटे चमत्कार सांगणारा नव्हे. पण दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बाजारातून पाटी आणली. तिच्यावर रोज सकाळी चार ओळी लिहितात आणि काकूंसमोर धरतात. पहिली, चहा पाहिजे. दुसरी, खिडकी उघडा. तिसरी, मुलाला फोन लावा. चौथी ओळ मास्तर रोज नवी लिहितात. एक दिवस लिहिलं, ‘तुम्ही माझ्यावर फार ओरडलात.’ काकूंनी त्यावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही. मास्तरांनी कान धरले. सत्तराव्या वर्षी!

ऐकलंत? आता उत्तर सांगा. एकदा म्हटलं म्हणून कायमचं झालं का?

नाही झालं, मंडळी. माणूस रोज थोडा बदलून समोर येतो. केस पिकून येतो, रागावून येतो, आजारी होऊन येतो. आणि रोज विचारतो — चालेल का? तोंडाने विचारत नाही. ताट वाढताना विचारतो, चष्मा शोधताना विचारतो. आपण म्हणतो, तुला उत्तर दिलंय की, लग्नाच्या दिवशी!

अहो, देवाचंही तेच. काल नाम घेतलं म्हणून आज सुट्टी मिळते का? कालची भक्ती कालच्या दिवसाची झाली. आजचा दिवस कोरा आहे.

मी दुसऱ्यांना सांगतोय, असं समजू नका. आमच्या घरात गेली बत्तीस वर्षं माझा एकच प्रश्न असतो — माझी बॅग भरली का? आमच्या मंडळी त्या पलीकडे खांबाला टेकून बसल्यात. बघा, मान डोलावतायत!

तेव्हा एवढंच करा. आज घरी आपलं जे माणूस आहे, त्याच्यासमोर बसा. काय पाहिजे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. इथला हा विटेवरचा थांबेल, त्याची तक्रार नाही. माणसाला फार वेळ थांबता येत नाही.

आरती दहा मिनिटांची आहे. ती झाली की देवळाच्या पायरीवर गप्पा मारत रेंगाळू नका. घरी जा.