अवधूतच्या नावाचं कार्ड

गुंडूराव : कार्ड काढून टाका म्हणताय, अक्का. पण कार्ड खोटं आहे असं काही तुम्ही म्हणत नाही.

संध्या : खोटं नाहीच ते. खोटं असतं तर मी इथवर आलेच नसते.

गुंडूराव : स्वल्प बसा, थोडा वेळ. या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं मी हेच एक काम करतोय. कोण कुणाच्या नावानं लिहितो ते शोधून काढायचं आणि एका कार्डावर पक्कं करून टाकायचं. टोपणनाव असेल तर त्याच्यापुढे 'पाहा' लिहून खरं नाव द्यायचं. हे बघा. 'अवधूत. पाहा : शितोळे, संध्या, जन्म १९५१.' अक्षर माझं आहे. यात चूक दाखवा, आत्ता बदलतो.

संध्या : चूक माझी झाली. तुमचा फॉर्म आला होता प्रकाशकाच्या हातून. लेखकाचं खरं नाव, जन्मसाल, सही. कोल्हापूरहून लग्न होऊन बेंगळूरला आले, त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत मला लेखिका समजून कुणी एक ओळ पाठवली नव्हती. पाठवणार कोण म्हणा, कुणाला ठाऊकच नव्हतं. तव्यावरची पोळी करपली आणि मी आपली फॉर्म भरत बसले, चांगल्या अक्षरात.

गुंडूराव : चौदा मार्च त्र्याण्णव. जपून ठेवलाय मी. बाकीचे लेखक तीन तीनदा आठवण केली तरी उत्तर देत नाहीत. तुमचा चौथ्या दिवशी हजर.

संध्या : मला वाटलं, या लाकडी खणातली कार्डं कोण उघडून बघायला बसलंय.

गुंडूराव : सगळ्यांना तसंच वाटतं.

संध्या : मग इथल्या मराठी समाजाच्या कार्यक्रमात माझं नाव गेलं कसं?

गुंडूराव : समाजाचं पन्नासावं वर्ष ना यंदा. आपल्या लोकांतले लेखक कोण कोण, त्याची यादी त्यांनी मागितली. मी कार्डं बघून अकरा नावं काढून दिली. स्टेजवरून टोपणनाव, खरं नाव, पुस्तक, सगळं व्यवस्थित वाचलं गेलं. तुमच्यासाठी शाल होती, नारळ होता. तुम्ही जागच्या उठलाच नाही.

संध्या : माझे धाकटे दीर पहिल्या रांगेत होते.

गुंडूराव : हंबीरराव समितीवर आहेत. पहिल्या रांगेत असणारच.

संध्या : तुम्ही ते पुस्तक वाचलं होतं?

गुंडूराव : कार्डावर विषय लिहायला वाचावंच लागतं. 'बाहेरची कडी.' घरातल्या धाकट्या सुनेला मुलगी होते. बाळंतिणीला ताप चढतो. नवरा खोलीला बाहेरून कडी घालतो आणि चार दिवस डॉक्टर येत नाही. कडी त्यानंच केलेली, आपल्या वर्कशॉपातल्या लेथवर. चांगलं लिहिलंय. तो कडीचा आवाज तर फारच चांगला जमलाय.

संध्या : हंबीररावांचं वर्कशॉप आहे, तिकडे पीण्या औद्योगिक वसाहतीत. त्यांची पहिली बायको रत्ना बाळंतपणात गेली. हेही तुम्हाला ठाऊक असणार.

गुंडूराव : समाजात कुणाला ठाऊक नाही?

संध्या : आणि तरीही तुम्ही नाव दिलंत.

गुंडूराव : माझं काम नाव बरोबर लावणं. लागल्यावर पुढं काय होतं, ते लिहायला कार्डावर जागा नसते.

संध्या : मग पुढं काय झालं ते ऐका. रत्नाची मुलगी काव्या. बारा वर्षांची आहे आता. चार दिवसांची होती तेव्हापासून माझ्या कुशीत झोपते. मला मूल नाही, देवानं तिला माझ्या पदरात टाकलं की मला तिच्या, आजवर कळलेलं नाही. आता भावजी म्हणतात, ग्रंथालयातून तुमचं नाव निघालं नाही तर पोरगी माझ्या नव्या बायकोच्या माहेरी, हुबळीला. आज शुक्रवार. सोमवारपर्यंत सांगितलंय मला.

गुंडूराव : मग तेव्हा सही करायच्या आधी विचार करायचा होता.

संध्या : केला होता. आई कशी गेली ते मोठी झाल्यावर तिला कुणी सांगणार नाही, हे ठाऊक होतं मला. आमचे हे सांगणार नाहीत, मीसुद्धा तोंडानं सांगू शकणार नाही. पुस्तकं वाचते पोरगी. कधीतरी इथं येईल, खण उघडेल, तिचं तिला कळेल, म्हणून सही केली. पण त्याआधी ती माझ्याजवळ वाढायला तर हवी.

गुंडूराव : सरी, ठीक आहे. नियमात एक वाट आहे. लेखी नकार. हे पुस्तक मी लिहिलेलं नाही, असं लिहून खाली सही.

संध्या : नुसतं कार्ड काढता येणार नाही तुम्हाला?

गुंडूराव : पुराव्याशिवाय मी आजवर एक स्वल्पविराम बदललेला नाही.

संध्या : म्हणजे खोटा पुरावा चालतो.

गुंडूराव : खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. कार्डाला कागद लागतो. हे घ्या पेन, ग्रंथालयाचं. आणि मधे हा कार्बन घाला. एक प्रत हंबीररावांना हवी आहे.

संध्या : ते आलेत इथं?

गुंडूराव : खाली वर्तमानपत्रं वाचत बसलेत. दोनपासून.

संध्या : म्हणजे तुमचं आधीच ठरलेलं होतं सगळं.

गुंडूराव : त्यांनी नियम विचारला, मी सांगितला. तुम्ही आधी आला असता तर तुम्हालाही सांगितला असता. लिहा. मी, संध्या ज्योतिबा शितोळे, राहणार बेंगळूर, लिहून देते की...

संध्या : '...बाहेरची कडी हे पुस्तक मी लिहिलेलं नाही.' झालं.

गुंडूराव : आणखी एक ओळ. 'त्यातल्या प्रसंगांची मला काहीही माहिती नाही.'

संध्या : हे तुमच्या नियमात आहे?

गुंडूराव : इल्ला. हे हंबीररावांचं.

संध्या : मी त्या खोलीच्या बाहेर बसून होते, गुंडूराव. चार दिवस. ती आतून वहिनी, वहिनी म्हणायची आणि मी कडीवर हात ठेवून बसायचे. घरात सगळे होते. कडी काढायचा धीर झाला नाही मला.

गुंडूराव : हे पुस्तकात नाही.

संध्या : नाही. लिहायचाही झाला नाही.

गुंडूराव : मग ही एक ओळ लिहायला फार जड जाऊ नये.

संध्या : ...लिहिली.

गुंडूराव : सही छान आहे. त्र्याण्णवची आणि ही, दोन्ही एका वळणाच्या. आता हा तुमचा जुना फॉर्म तुम्हीच फाडा. माझ्या हातानं मी कधी पुरावा फाडत नाही.

संध्या : तो मला देऊन टाका. ट्रंकेत तळाशी ठेवीन. काव्यासाठी.

गुंडूराव : ग्रंथालयाचा कागद बाहेर जात नाही. चार तुकडे केलेत तरी पुरे.

(कागद फाटल्याचा आवाज. थोड्या वेळानं जिन्यावर जड पावलं.)

हंबीरराव : आयतु का, गुंडूराव?

गुंडूराव : झालं. ही तुमची प्रत.

हंबीरराव : उमटलंय नीट. बरं केलंत, वहिनी. दादालाही बरं वाटेल. चार दिवस धड जेवला नाही तो.

संध्या : काव्या आता माझ्याजवळ राहील. तुम्ही शब्द दिलाय, भावजी.

हंबीरराव : हुबळीला पाठवणार नाही, असा शब्द दिला होता. नाही पाठवत. धारवाडच्या बोर्डिंगात घातलंय तिला. ॲडमिशन मागच्याच आठवड्यात झाली. सोमवारी सकाळची गाडी.

संध्या : मागच्या आठवड्यात?

हंबीरराव : तुमच्याजवळ राहिली तर पोरीच्या कानात काय काय भराल, कुणी सांगावं? असं बघू नका माझ्याकडे. नवी ट्रंक घेतलीय तिला. बाजारातली कडी तकलादू होती, ती काढून मी स्वतः एक करून बसवली. आता निघायची नाही.

संध्या : गुंडूराव, तो कागद परत द्या मला. पुस्तक मी लिहिलंय. यांच्यासमोर सांगते, तुमच्यासमोर सांगते. प्रत्येक ओळ माझी आहे.

गुंडूराव : तोंडी चालत नाही, अक्का.

संध्या : मग नवा फॉर्म द्या. आत्ता भरते. भावजी इथं उभे असतानाच भरते.

गुंडूराव : एकाच हाताचं आधी हो, मग नाही. तिसऱ्यांदा मी विचारत नाही. कार्डावर 'अवधूत' राहील, आणि खाली 'लेखक अज्ञात'. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर येतोय. आहे तसंच त्यात चढेल, मग मलाही हात लावता येणार नाही.

हंबीरराव : चला वहिनी. आटो थांबवून ठेवलाय खाली.

संध्या : आणि ती कधी आली इथं विचारायला तर? तुमच्याकडेच येईल ती. तिला काय सांगाल?

गुंडूराव : कार्डावर असेल ते. पाच वाजले, अक्का. पेन तेवढं ठेवून जा, ग्रंथालयाचं आहे.