दिवसाला पाच पेले

बायको : ...आणि वर बघ, पंख्याच्या शेजारी. तो तपकिरी डाग दिसतोय ना? ते तुझ्या भावोजींचं पहिलंवहिलं टॉनिक वॉटर. घरात कोणी चाखायच्या आधी छतानेच चाखलं.

मेहुणी : मला वाटलं वरच्यांकडून गळती लागली. भावोजी, बाटली भरत होतात की तोफ?

नवरा : शिकताना होतं तसं. पाक आणि पाणी आधीच एकत्र केलं आणि मग गॅस सोडला, ही माझी चूक. पाक असला की फेस आवरत नाही. आता नुसतं पाणी गारेगार करायचं, त्यात गॅस मुरवायचा, बाटली हलवायची, थांबायचं, पुन्हा हलवायची. आणि मग पाक, बाटलीच्या कडेने, हलक्या हाताने.

बायको : ऐकलंस? तीस वर्षांत साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो ते कळलं नाही, आणि आता पाक, तोही कडेने.

नवरा : तू दुपारचं दुकान बंद करून थेट आलीस ना? बस निवांत. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला यातलं कळेल. हिला काय, हिला फक्त भांडी दिसतात.

बायको : दिसत नाहीत, तेच तर सांगतेय. कुकरमध्ये कसल्याशा झाडाची साल उकळली. गाळायला माझी पांढरी ओढणी. आता त्या ओढणीने फरशी पुसायची म्हटलं तर फरशीला कमीपणा वाटेल. फ्रीजमध्ये भाजीला जागा नाही. सात बाटल्या रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. आमच्या लग्नाच्या फोटोंवर कधी तारीख घातली नाही यांनी.

मेहुणी : आणि सोफ्यामागे तो सिलिंडर?

बायको : तो पाहुणा. महिनाभरापासून मुक्काम आहे.

नवरा : पेयांसाठीचाच गॅस आहे, उगाच घाबरू नकोस. दुकानात मिळतं ते टॉनिक वॉटर म्हणजे साखरेचं पाणी गं. नावाला कडू. वरचा सूर आहे, खर्जच नाही. यात बघ, सिंकोनाची अस्सल साल, लिंबाची साल, लिंबूसत्त्व, साखर. घे, चव बघ.

मेहुणी : आण. थोडंच... आई गं.

बायको : काय झालं? खर्ज लागला?

मेहुणी : ताई, पाणी दे. साधं. भावोजी, एका बाटलीला साल किती घालता?

नवरा : दोन चमचे. मोठे. शीग लावून.

मेहुणी : हत्तीला हिवताप झालाय का घरात? अहो, या सालीत कोयनेल असतं, क्विनाइन. दुकानाच्या बाटलीत ते नखाएवढं असतं, ते उगाच नाही. तुम्ही पिता तरी किती हे?

नवरा : पाच पेले. दिवसाला.

बायको : पाच?

नवरा : कधी चार.

मेहुणी : महिनाभर? मग कानांचं काय? कानात काही आवाज येतो का?

नवरा : येतो. सारखा. बारीक शिट्टी वाजल्यासारखा. आणि वरचे सूर नीट ऐकूच येत नाहीत.

मेहुणी : मग हेच कारण. कोयनेल जास्त झालं की कान वाजायला लागतात, ऐकूही कमी येतं. आमच्याकडे शिकवतातच ते. दुसरा कोणी असता तर मी हसले असते. तुम्ही पियानो सुरात लावणारे भावोजी, कानावर पोट तुमचं, आणि कानांनाच विष पाजताय, वर बाटलीला चिठ्ठ्या लावून.

नवरा : म्हणजे सालीमुळेच झालं. बघ, हिला सांग. माझ्या कानांत काही दोष नाही. साल बंद केली की सगळं पूर्ववत.

मेहुणी : बहुतेक होईल. आजपासून थेंबसुद्धा नको. चार दिवसांत फरक पडायला हवा, नाही पडला तर डॉक्टर.

नवरा : मग हे त्या संगीतबाईंना सांगायला हवं. तूच सांग, तुझं त्या ऐकतील.

मेहुणी : कुठल्या संगीतबाई?

बायको : शाळेतल्या. तुझ्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या न्यायला येतात त्या. सकाळी त्यांचा फोन होता. नऊ दिवसांवर मुलांचा कार्यक्रम, यांनी परवा पियानो लावून दिला आणि वरच्या पट्ट्या सगळ्या बेसूर. बाई म्हणाल्या, तुमच्या यजमानांनी पियानो लावला की त्याचा सूड घेतला? उद्यापासून दुसरा माणूस बोलावते म्हणाल्या. आणि त्यांनी एकदा यांना टाकलं की गावातली दोन्ही सभागृहंही टाकतील. तीही त्यांच्याच शब्दावर चालतात.

नवरा : म्हणून म्हणतोय, तू सांग. म्हणावं, माणूस चुकला नाही, टॉनिक चुकलं.

मेहुणी : हे बरं आहे. घरात प्रयोग तुम्ही करायचे आणि खुलासे आम्ही द्यायचे. द्या तो फोन. नंबर आहे माझ्याकडे. इथे तुमचा फ्रीज घरघरतोय, बाहेर जाऊन बोलते.

(मेहुणी फोन घेऊन बाल्कनीत जाते आणि काचेचं दार लोटून घेते.)

बायको : अहो.

नवरा : काय?

बायको : सात बाटल्या तुम्ही भरल्या. त्याआधीची एक छताने घेतली. सातच्या सात फ्रीजमध्ये आहेत, गळ्यापर्यंत भरलेल्या. दिवसाला पाच पेले कुठून प्यायलात? नळातून?

नवरा : मी पितो आणि पुन्हा भरतो.

बायको : तारीख न बदलता? तुम्ही? पियानोच्या तारेची जाडी वहीत लिहून ठेवणारा माणूस? अहो, ताप आला तर गोळी गुळाच्या खड्यात लपवून द्यावी लागते तुम्हाला. चहात तीन चमचे साखर. आणि हे कडूजहर पाच पेले? माझ्यासमोर एक घोट घेऊन दाखवा. हा घ्या पेला.

नवरा : ती येईल आत.

बायको : नाही येत. संगीतबाई फोन खाली ठेवू देत नाहीत कोणाला. घ्या.

नवरा : नको.

बायको : साल कधी आणलीत?

नवरा : महिना झाला.

बायको : आणि फ्रीज शिट्टी वाजवतोय म्हणून त्याची मागची बाजू उघडून बसला होतात, ते कधी? थंडीत, घरात सालीचं नावही नव्हतं तेव्हा. किटलीची शिट्टी बिघडली म्हणून नवी किटली आणली, ती कधी? जुनी मी मोलकरणीला दिली, तिच्याकडे सगळी चाळ गोळा होईल एवढ्या जोराने वाजते. तुम्ही किटलीशेजारी पेपर वाचत बसलेले, आणि मी न्हाणीघरातून ओल्या पायांनी धावत यायची गॅस बंद करायला. मी समजायची, आळशी माणूस. आळशी असता तर बरं झालं असतं.

नवरा : हळू बोल.

बायको : तुम्हाला ऐकू येतंय ना? मग ठीक आहे.

नवरा : सालीच्या पाकिटावर लिहिलं होतं. जास्त घेतल्यास कान वाजतात. दुकानात उभ्या उभ्या तीनदा वाचलं. वाटलं, हे बरं आहे. उद्या कोणी विचारलंच तर सांगता येईल की साल बाधली. साल बाधलेला माणूस बरा होतो. लोक हसतात, पण काम काढून घेत नाहीत.

बायको : म्हणून सिलिंडर, म्हणून ओढणी, म्हणून छत.

नवरा : नुसत्या पाकिटावर कोणी विश्वास ठेवला असता का? करायचं तर नीट करायला हवं होतं. आणि खरं सांगू, गॅस मुरवायला मजा यायला लागली.

बायको : ती दिसत होतीच. किती ऐकू येत नाही?

नवरा : वरच्या वीस पट्ट्या. पट्टी दाबली की आतल्या हातोडीचा लाकडी ठोका ऐकू येतो, टक्. सूर नाही. परवा शाळेत मी त्या ठोक्यांवरूनच तारा ओढत बसलो. अंदाजाने. मागे दोन मुली उभ्या होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. मला भीती वाटते गं. मला दुसरं काही येत नाही.

बायको : मग मला सांगायला काय तोंड शिवलं होतं?

नवरा : तू हसली असतीस.

बायको : हसलेच असते. तीस वर्षं हसतेय, कुठे गेलात का सोडून? हसून झाल्यावर कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं. थंडीतच नेलं असतं. पुसा डोळे, ती येतेय.

मेहुणी : सुटले गं एकदाची. आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की खोकला आला. म्हणाल्या, चार दिवसांत येऊन पुन्हा लावून द्या, दुसऱ्याला बोलावत नाही. पण पुरावा हवाय त्यांना. उद्या चार वाजता इथे येतायत, टॉनिक बघायला. म्हणाल्या, खरंच पाच पेले पितो का हा माणूस, की मला बनवतो?

नवरा : उद्या?

मेहुणी : ताई, तू सांग, पितात ना हे पाच पेले?

बायको : मग. रोज. मीच मोजते.

मेहुणी : आणि मला आज सांगतेस? कमाल आहे तुझी. जाते मी, दुकान उघडायची वेळ झाली. भावोजी, थेंबसुद्धा नाही, लक्षात आहे ना? येते गं.

बायको : ये. दार ओढून घे... गेली. ऐका आता नीट. उद्या सकाळी सूर दाखवणारं ते यंत्र आणायचं.

नवरा : यंत्र? यंत्र लावून काम करणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली.

बायको : आता स्वतःलाही ठेवा, सवय आहे. खोटं बोलायचं ते बाईंशी, मुलांच्या पियानोशी नाही. तो यंत्रानेच लागेल, मी शेजारी बसून बघेन. आणि सोमवारी डॉक्टर. खरा, औषधांच्या दुकानातला नव्हे.

नवरा : आणि चार वाजता बाई आल्या म्हणजे?

बायको : सालीचा जरासा पाक घेऊन नवी बाटली भरा, पाणीच जास्त घाला, रंग आला की पुरे. फेस मात्र छान येऊ दे. बाईंसमोर एक पेला तुम्ही प्यायचा. तोंड वाकडं न करता.

नवरा : तरी कडूच लागेल गं ते.

बायको : लागू दे. दोन पेले काढा. एक मी घेईन.