खांबावरची पाटी

केबलचोरांना शिव्या घालताय ना, मग आधी आमच्या अण्णांचं ऐका. अण्णा म्हणजे काष्टीजवळच्या आमच्या दूध संस्थेचे चेअरमन, आणि मी तिथला क्लार्क. ऑफिसपासून पार गेटजवळच्या दुधाच्या काट्यापर्यंत नेटवर्कची केबल टाकायची होती. श्रीगोंद्याचा केबलवाला म्हणाला, "अंतर लई हाय अण्णा, फायबर टाका."

अण्णांनी डोळे बारीक केले. "फायबर म्हंजी?"

"आत काच असती. उजेडावर चालती."

"काचंची तार? आन् ती वाकती? मला येडा समजतो व्हय रं? तांब्याचीच टाक."

टाकली तांब्याची. आठवडाही झाला नसेल, विहिरीवरच्या मोटारीची केबल नेतात तशी चोरांनी तीही कापून नेली. मग नाइलाजाने फायबर आली. पुन्हा चोरी नको म्हणून मीच केबलच्या खांबाला मोठी पाटी लावली : 'या केबलमध्ये तांबे नाही. कापून उपयोग नाही.'

दुसऱ्याच दिवशी, ऐन दूध घालायच्या वेळेला काट्यावरचा कॉम्प्युटर बंद. कॅनवाल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली आणि जो तो माझ्यावर खेकसायला लागला. मी केबल बघत बघत पळालो. पाटीच्या बरोबर खाली केबल तोडलेली, आणि शेजारी अण्णा हातात पक्कड घेऊन, तुटलेलं टोक उन्हात धरून उभे.

"अण्णा, पाटी वाचली न्हाई का?"

"वाचली की," अण्णा म्हणाले. "म्हनून तर कापली. पाटी एवढं बोंबलून सांगती, म्हंजी आत तांबं असनारच."