साहेबाची खुर्ची

तुम्ही व्हिसाच्या नावानं रडता, पण माझ्या वडिलांना, नानांना, तो समजावून दाखवा, मग मानीन. जर्मनीत राहायचा माझा परवाना संपला आणि नव्याचा अर्ज सात महिने पडून आहे. नव्या परवान्याचं कार्ड हातात नसताना भारतात गेले तर परत येऊ देतील याची खात्री नाही. म्हणून धाकट्या भावाचं लग्न मी मोबाईलवर पाहिलं.

लग्न आटोपल्यावर शहाद्याहून नानांचा फोन आला. शेतीच्या कागदांसाठी ते जन्मभर तहसील कचेरीत बसलेले. म्हणाले, "तू कचेरीमा जाय. साहेबना टेबलसमोर बस. काम व्हत नही तवलगून ऊठू नको."

"नाना, आठे साहेब भेटसच नही. समदं ऑनलाइन शे. कागद टाकाना नि वाट देखानी."

नाना म्हणाले, "मंग तू बोलस कोनसंगे?"

"अर्जाबद्दल?"

"नही. अशीच."

मी मीटिंग आहे म्हणून खोटं सांगून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पुन्हा त्यांचाच फोन. शहाद्यात तेव्हा अकरा वाजलेले, म्हणजे कचेरी भरायची वेळ. आवाज अगदी साहेबी.

"मी टेबलवर बशेल शे. बोल बेटा, काय अडचन शे तुन्ही?"

हसायला गेले आणि तोंडून निघालं, "नाना, घर येवानं शे."

पलीकडून ताबडतोब उत्तर आलं, "मंजूर!"

एवढ्या महिन्यांत माझा पास झालेला तेवढा एकच अर्ज.