पाचवा रकाना

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षकवृंद, खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलेले माझ्यासारखेच माजी विद्यार्थी, आणि पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन अवघडून बसलेल्या आमच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंनी शिकवलेल्या कुणाही मुलीला पाच मिनिटं पुरल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे जरा काणाडोळा करावा.

बाईंना आम्ही त्यांच्या पाठीमागे 'रकानेबाई' म्हणायचो. बाई, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? होतं! बघा, हसताहेत. नाव पडलं ते एका वहीमुळे. नववीत पहिल्याच दिवशी बाईंनी अलंकारांचं पान उघडलं आणि लगेच मिटलं. म्हणाल्या, "उपमा, रूपक, अतिशयोक्ती हे सगळं तुमच्या घरात रोज बोललं जातं. जा, तिथून घेऊन या." मग वहीत चार रकाने आखायला लावले. तारीख. कोण म्हणालं. काय म्हणालं. अलंकार कोणता. रोज एक वाक्य आणायचं, आणि तेही जसंच्या तसं. आपल्या पदरचा एक शब्दही घालायचा नाही.

काय सांगू तुम्हाला, त्या वर्षी आमच्या घरांतली माणसं तोंड उघडायला घाबरू लागली. माझे बाबा बंद पडलेल्या स्कूटरला म्हणाले, "आज रुसलीय वाटतं!" मी लगेच वही काढली, चेतनगुणोक्ती. माझी आत्या आईच्या हातची भाजी खाऊन म्हणाली, "वहिनी, एवढं मीठ घालायला मोठं मन लागतं हो." व्याजस्तुती! हे मी वर्गात मोठ्यानं वाचलं. आत्याची मुलगी शेजारच्याच बाकावर बसायची, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. आत्या महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही. पण व्याजस्तुती म्हणजे स्तुतीच्या आडून केलेली निंदा, हे आमच्या दोन्ही घरांत आजतागायत कुणी विसरलेलं नाही. असं शिकवणं कुठल्या पुस्तकात सापडेल, सांगा?

आता एक गोष्ट सांगते. ती सांगू का म्हणून मी बाईंना मघाशी विचारलं आहे.

माझी आई लॉन्ड्रीत कामाला होती. दिवसभर उभं राहून वाफेची इस्त्री चालवायची. एका संध्याकाळी ती कप धुताना म्हणाली, "माझे हात आता माझे राहिलेच नाहीत." मला वाक्य फार आवडलं. मी ते लिहून घेतलं आणि चौथ्या रकान्यात ठोकून दिलं, अतिशयोक्ती. दुसऱ्या दिवशी बाईंनी लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि पुढे लिहिलं, 'छान!' मी ती वही आईला दाखवली. आईही हसली.

आठ दिवसांनी आईचा उजवा तळवा तापलेल्या इस्त्रीवर टेकला. तिला कळलंच नाही. करपल्याचा वास आला म्हणून शेजारच्या इस्त्रीवरची कामगार ओरडली. दवाखान्यात कळलं, मनगटातली नस दबली होती आणि दोन्ही हातांची जाणीव कितीतरी महिने हळूहळू जात होती. ते वाक्य अलंकार नव्हतंच मुळी. आईनं साधी हकिकत सांगितली होती. डाव्या मनगटाची शस्त्रक्रिया वेळेत झाली आणि तो हात वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली, ती झालीच.

हे कळल्यावर बाई आमच्या घरी आल्या. आईच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी त्या वाक्यापुढे 'छान' लिहिलं. मला क्षमा करा." माझी आई गडबडून गेली. म्हणाली, "अहो बाई, पोरीनं लिहून तरी घेतलं. घरात दुसऱ्या कुणी कान तरी दिला का?" हे ऐकून बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. मी तिथेच उभी होते, आणि मला माझीच लाज वाटत होती.

पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांसमोर त्यांनी सांगितलं, "माझ्याकडून चूक झाली. मी नुसतं वाक्य तपासलं. ज्या माणसाचं वाक्य होतं त्याची चौकशी केली नाही." आपण चुकलो असं वर्गात उभं राहून सांगणारी मोठी व्यक्ती मी तोवर पाहिली नव्हती. मग त्यांनी पट्टी घेतली आणि फळ्यावर पाचवा रकाना आखला. त्याचं नाव, 'विचारलं का?' त्या दिवसापासून बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय चौथा रकाना भरायचा नाही, असा नियम झाला. आणि बाईंनी न विचारता कुणाच्या वहीत 'छान' लिहिलं नाही.

मी आज दवाखान्यात लोकांचे कान तपासते. कुणी म्हणतं, "डोक्यात कारखाना चाललाय." कुणी म्हणतं, "सून पुटपुटते हो." मी हसत नाही, विचारते. माझं सगळं काम त्या पाचव्या रकान्यात मावतं.

आता मंडळी, तुमच्या हातातली निमंत्रणपत्रिका उलटी करा. मागे बाईंच्या निवृत्तीच्या अर्जातलं वाक्य छापलं आहे. 'मागच्या बाकांवरचा आवाज आता माझ्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा मी बाजूला व्हावं हे बरं.' सरांनी मघाशी ते किती सुंदर वाचलं! नव्या पिढीशी पडलेलं अंतर, बाईंचा विनय, सगळं उलगडून सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. सर, रागावू नका, मीही ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मैत्रिणीला फोन करून म्हटलं, "बघ, बाईंनी जाता जाता काय रूपक केलंय!"

कार्यक्रमाआधी मी शिक्षकखोलीत बाईंच्या डाव्या बाजूला बसले होते. विचारलं, "बाई, पाणी देऊ?" बाई खिडकीकडे बघत राहिल्या. पुन्हा विचारलं, तरी तेच. मग मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाई, अर्जातलं ते वाक्य अलंकार आहे की हकिकत?"

बाईंनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "हकिकत आहे गं. दोन वर्षं झाली. ओठ बघून निभावत होते. वाटलं, वय झालं, त्यात सांगायचं काय? पण गेल्या महिन्यात एका मुलीच्या साफ चुकलेल्या उत्तराला मी 'छान' म्हणाले. सगळा वर्ग हसला तेव्हा कळलं. त्याच दुपारी अर्ज लिहिला."

मंडळी, तीन वर्षांची नोकरी शिल्लक असताना या बाई का निघाल्या आहेत, ते आता तुम्हाला कळलं. मी म्हटलं, "हे सभेत सांगू?" तर म्हणाल्या, "सांग. पण माइक तोंडाशी धर, मलाही कळू दे काय सांगतेस ते."

बाईंचे कान बरे होतीलच असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय बोलू नये, हे मला त्यांनीच शिकवलं. कानाच्या यंत्रानं पुष्कळ माणसांना भरलेला वर्गही ऐकू येतो, एवढंच मला माहीत आहे. अध्यक्ष महोदय, अर्जावर अजून संस्थेतर्फे आपली सही व्हायची आहे असं कळलं. माझी हात जोडून विनंती आहे, आजचा दिवस पेन खिशातच राहू द्या. उद्या सकाळी साडेदहाची वेळ मी बाईंसाठी राखून ठेवली आहे.

नववीतली ती वही मी आज सोबत आणली आहे. शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी होती, ती मघाशी शिक्षकखोलीत भरली. तारीख आजची. कोण म्हणालं: बाई. काय म्हणालं: पत्रिकेच्या मागे आहेच. अलंकार: नाही. विचारलं का: विचारलं. फार उशिरा विचारलं, बाई. दोन वर्षं आम्ही सगळे तुम्हाला भेटत होतो, पाया पडत होतो, आणि तुम्हाला ऐकू येतंय का एवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही. याबद्दल या सगळ्या सभागृहाच्या वतीनं मी तुमची क्षमा मागते.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला आहे, तेवढं पोटात घाला. आणि बाई, तुम्ही मघापासून छान मान डोलावताय, पण यातलं काय काय ऐकू आलं नाही ते उद्या मला खरं सांगा. दार लावून, समोर बसून, मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगेन.